वंदे मातरम्, माफीनामा आणि नागपूरची वाट : १९३८ चे मराठवाड्यातील विद्यार्थी

१९३८ च्या हिवाळ्यात हैदराबाद संस्थानातील शेकडो विद्यार्थ्यांची नावे कॉलेजच्या पटावरून कमी करण्यात आली. त्यांनी कोणाला मारले नव्हते, काही जाळले नव्हते. आपल्या वसतिगृहात एका कादंबरीतील गीत त्यांनी प्रार्थना म्हणून गायले आणि ते थांबवण्याचा हुकूम मानला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. आजची साखळी त्यांच्याविषयी आहे. थोडी लांब आहे, सवडीने वाचावी.

आरंभी भूगोल समजून घेऊ, कारण या प्रकरणात तो फार महत्त्वाचा आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १९३८ मध्ये हा सारा भाग निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होता. हिंगोलीला एके काळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, कापसाची पेठ होती, आणि पूर्णेहून येणारी रेल्वे हिंगोलीतच संपत असे. उत्तरेला पैनगंगा. नदी ओलांडली की वाशीम, पुसद, उमरखेड, म्हणजेच वऱ्हाड. वऱ्हाडात ब्रिटिश प्रशासन होते आणि १९३७ पासून मध्य प्रांत-वऱ्हाडात निवडून आलेले काँग्रेस मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. कागदोपत्री मात्र वऱ्हाडवर निजामाचे सार्वभौमत्व कायम होते. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली होती. पदवी हैदराबादेत आणि राज्य दुसऱ्याचे, असा तो चमत्कारिक व्यवहार होता.

परिणाम असा की नदीच्या उत्तर काठावर जे गीत सभांतून उघडपणे गायले जाई, तेच दक्षिण काठावरच्या विद्यार्थ्याने गायले तर त्याचे शिक्षण संपू शकत होते. दोन्ही काठांवरची माणसे मराठीच बोलत आणि एकमेकांच्या घरी सोयरिकी करत. छापील कागदाचेही तेच. संस्थानात बंदी घातलेले वर्तमानपत्र वाशीमच्या बाजारात राजरोस मिळे.

संस्थानातील निर्बंधांची कल्पना असल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या हट्टाचे मोल कळत नाही. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकामुळे सार्वजनिक सभेसाठी आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. सभा म्हणजे केवळ राजकीय सभा नव्हे. वाचनालयाचा वार्षिक समारंभ असो की व्याख्यानमाला, अर्ज करून वाट पाहावीच लागे. खाजगी शाळा काढायची तर तिलाही परवानगी हवी. प्राथमिक शिक्षणानंतर सरकारी शाळांचे माध्यम उर्दू होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम उर्दूच. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते देशातील पहिले मोठे विद्यापीठ होते, त्याच्या भाषांतर विभागाचे काम आजही थक्क करणारे आहे, आणि हे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. कळमनुरीच्या किंवा वसमतच्या मुलाला चौथीनंतर जगाकडे जाणारी वाट परक्या लिपीतूनच शोधावी लागे.

अशा वातावरणात वाचनालय ही साधी संस्था राहत नाही. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. पुढच्या काळात मराठवाड्यातील गावोगावच्या वाचनालयांनी जे काम केले, ते बाहेर राजकीय पक्ष करत होते. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा त्यात जमलेल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांची घडण वाचनालये आणि खाजगी मराठी शाळा यांतूनच झालेली होती. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलून पत्र पुन्हा काढले. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. हा खेळ इतक्या वेळा झाला की सरकारी कारकुनाला नव्या नावांची यादी ठेवणे हेच एक काम होऊन बसले असावे!

आता त्या गीताकडे वळू. बंकिमचंद्रांचे ‘वंदे मातरम्’ १८८२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘आनंदमठ’ कादंबरीत आहे. १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीत ते रस्त्यावर आले आणि शाळेत पोहोचताच गुन्हा ठरले. रंगपूरच्या शाळेतील मुलांना ते गायल्याबद्दल प्रत्येकी ५ रुपये दंड झाला. पालकांनी दंड भरण्याऐवजी त्याच नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शाळा काढली. पुढे दोन-तीन वर्षांत नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये शाळा तपासनिसाचे स्वागत मुलांनी वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’च्या घोषाने केले. बहुतेकांनी नंतर दिलगिरी व्यक्त करून शिक्षण चालू ठेवले. ज्याने ती केली नाही, त्या केशव हेडगेवार नावाच्या मुलाला शाळा सोडावी लागली. त्यांच्या पुढील राजकारणाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असेल. येथे मुद्दा नागपूर शहराचा आहे, कारण तीस वर्षांनी हेच शहर आपल्या कथेत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा ते शिक्षा करणाऱ्याच्या नव्हे तर आसरा देणाऱ्याच्या भूमिकेत असेल.

१९३८ चे वर्ष संस्थानात धगधगतेच होते. सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. जन्मापूर्वीच बेकायदा ठरलेली अशी संघटना विरळाच. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने सत्याग्रह सुरू केला. अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सोडून आलेले स्वामी रामानंद तीर्थ काही दिवसांतच तुरुंगात गेले. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह त्याच सुमारास स्वतंत्रपणे चालू होते.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ठिणगी पडली. विद्यार्थी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी ते बंद करण्याचा आदेश दिला. विद्यार्थ्यांचे म्हणणे सरळ होते : ही आमची प्रार्थना आहे, ती आम्ही आमच्या वसतिगृहात करतो, दुसऱ्या कोणाला म्हणायला लावत नाही. सरकारचे म्हणणेही तितकेच ठाम होते : हे गीत राजकीय आहे, इतर धर्माच्या विद्यार्थ्यांना ते आक्षेपार्ह वाटते, आणि शिक्षणसंस्थेत त्याला जागा नाही. विद्यार्थी वर्गाबाहेर आले. महिनाअखेरीस हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातही हेच घडले. तिथून संप गुलबर्गा, वरंगळ अशा ठिकाणच्या कॉलेजांत आणि काही शाळांतही पसरला.

या मुलांची वये ध्यानात घ्या. इंटरमिजिएटचा विद्यार्थी म्हणजे सोळा ते एकोणीस वर्षांचा. आजच्या हिशेबाने अकरावी-बारावी.

औरंगाबादच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ हे नाव ठळक आहे. गणितात एम. एस्सी. केलेला, कलकत्त्यात शिकून आलेला हा तरुण शिक्षक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या डाव्या फळीचा तोच नेता झाला. पण या आंदोलनाला कोणी एक ‘नेता’ चिकटवणे मला पटत नाही. ज्याला शिक्षा भोगायची होती तो विद्यार्थी होता आणि निर्णय अखेर त्यालाच करायचा होता.

निर्णय कोणता? तर माफीनाम्यावर सही करायची की नाही.

माझ्या मते संपूर्ण आंदोलनाचा गाभा येथे आहे. घोषणा देणे, मिरवणूक काढणे यात समूहाची ऊब असते. माफीनामा मात्र एकेकाला गाठतो. विद्यापीठाने संपावरील विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या पालकांकडून हमी मागितली : झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी आणि पुन्हा असे न करण्याचे वचन. सही केली तर वर्ग उघडा, नाही केली तर नाव कमी. आता खेड्यातील त्या बापाचा विचार करा. घरात पाटीलकी किंवा पटवारीपण आहे, म्हणजे तालुक्याच्या तहसीलदाराशी रोजचा संबंध. मुलाला शिकायला पाठवण्यासाठी कर्ज काढले आहे किंवा शेत गहाण ठेवले आहे. संस्थानात विद्यापीठ एकच, आणि तिथून काढलेल्या मुलाला सरकारी नोकरीचा रस्ता बंद. आणि हे सारे कशासाठी, तर एका गाण्यासाठी? ‘सही कर आणि मनातल्या मनात म्हण’ असे सांगणारे वडील भित्रे नव्हते, व्यवहारी होते. अनेक मुलांनी सही केलीही, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आज आपल्याला नाही. तरीही शेकडो विद्यार्थ्यांनी सही केली नाही.

डिसेंबरमध्ये निष्कासनाचे आदेश निघाले. प्रश्न होता, आता जायचे कुठे? अनेक विद्यापीठांनी या मुलांना दार बंद ठेवले. संस्थानाशी वाकडे कोण घेणार? दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश मिळाला आणि वाया जाणारे वर्ष वाचले. ज्या विद्यापीठाने हा निर्णय घेतला, ते अवघे पंधरा वर्षांचे होते. १९२३ मध्ये त्याची स्थापना झाली होती. एका प्रवेश अर्जावरील सही इतिहास घडवते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण या विशिष्ट प्रकरणात ते फारसे खोटे नाही, कारण पुढील दहा वर्षांत मराठवाडा आणि तेलंगणात जे कार्यकर्ते, वकील, शिक्षक उभे राहिले, त्यांतील कित्येक जण नागपूरच्या वाटेने परत आलेले होते.

त्यांतील एक जण तर पंतप्रधान झाला. वरंगळच्या कॉलेजातून काढलेला सतरा वर्षांचा पी. व्ही. नरसिंह राव नागपूरला येऊन परीक्षा देता झाला. पुढे तो पुण्यात फर्ग्युसनला शिकला, कायद्यासाठी पुन्हा नागपूरला आला आणि उत्तम मराठी शिकला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचे त्याने तेलुगूत भाषांतर केले. गाण्यासाठी हद्दपार झालेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या भाषेतील पुस्तक आपल्या भाषेत नेले, हे मला त्याच्या पंतप्रधानपदाइतकेच लक्षणीय वाटते. तो पंतप्रधान असतानाच, १९९२ च्या हिवाळी अधिवेशनापासून, संसदेच्या अधिवेशनाच्या समारोपाला ‘वंदे मातरम्’ वाजवण्याची प्रथा सुरू झाली.

दुसरे नाव रामचंद्रराव यांचे. आर्य समाजाच्या या कार्यकर्त्याला तुरुंगात फटके मारण्यात आले आणि प्रत्येक फटक्यागणिक त्याने ‘वंदे मातरम्’ म्हटले, असे सांगितले जाते. पुढे जन्मभर लोक त्याला ‘वंदेमातरम् रामचंद्रराव’ म्हणूनच ओळखत राहिले.

येथवर कथा सोपी आहे. आता अवघड भाग, जो जयंती-पुण्यतिथीच्या पोस्टमध्ये सहसा गाळला जातो.

सरकारचा आक्षेप निव्वळ बहाणा होता काय? राजकीय हेतू होताच, यात शंका नाही. पण आक्षेप हवेतून आलेला नव्हता. गीताच्या पुढील कडव्यांत मातृभूमी ही दुर्गा होते, आणि ‘आनंदमठ’मधील संघर्ष मुस्लिम सत्तेविरुद्धचा आहे. एकेश्वरवादी मुस्लिम विद्यार्थ्याला ती वंदना जड जाणे स्वाभाविक होते. काँग्रेसलाही हे ठाऊक होते. रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यसमितीने पहिली दोनच कडवी गायची आणि कोणाला हवे तर दुसरे गीत निवडायची मुभा ठेवण्याची शिफारस केली होती.

आता पैनगंगेचा दुसरा काठ पाहा. ज्या नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादची मुले गीत म्हणू देत नाहीत म्हणून वर्गाबाहेर पडली, त्याच महिन्यात मुस्लिम लीगने नेमलेल्या समितीचा पीरपूर अहवाल आला. काँग्रेसशासित प्रांतांत शाळांमधून ‘वंदे मातरम्’ मुस्लिम मुलांवर लादले जाते, अशी त्यात तक्रार होती, आणि मध्य प्रांताच्या ‘विद्यामंदिर’ शिक्षण योजनेवरही त्याचा रोख होता. अहवालातील सर्वच आरोप निर्विवाद नाहीत. त्याला लीगचे राजकारण होते. पण एका काठावर तोंड बंद करण्याची तक्रार आणि दुसऱ्या काठावर तोंड उघडायला लावण्याची तक्रार, तीही एकाच गीतावरून आणि एकाच महिन्यात, हा योग इतिहासाच्या विद्यार्थ्याने डोळ्याआड करू नये. औरंगाबादच्या विद्यार्थ्यांची बाजू मला बळकट वाटते ती ते गीत पवित्र होते म्हणून नव्हे. ‘आम्ही म्हणतो, दुसऱ्याला म्हणायला लावत नाही’ हा त्यांचा दावा होता म्हणून. तो दावा जिथे सुटतो तिथे मुद्दाही सुटतो.

आंदोलनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मुस्लिम विद्यार्थी त्यापासून बहुतांशी दूर राहिले. आर्य समाज आणि महासभा यांचे सत्याग्रह शेजारीच चालू असल्याने स्टेट काँग्रेसची मागणी जातीय ठरवणे सरकारला सोपे गेले. गांधीजींच्या सल्ल्यावरून २४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला, त्यामागे हेही एक कारण होते. निजामी राजवटीतील मुस्लिम समाज एकमुखी होता असे मात्र कोणी समजू नये. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू निर्भयपणे मांडली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

मग या मुलांना मिळाले काय? बंदी उठली नाही. विद्यापीठाने माघार घेतली नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर आंदोलन ‘फसले’. तुलनेसाठी एक परदेशी प्रकरण पाहू. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा मंडळाने १९७६ मध्ये शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तके काढून टाकली. स्टीव्हन पिको हा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे सोबती न्यायालयात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि केवळ विचार पसंत नाहीत म्हणून शाळा मंडळाला ग्रंथालयातील पुस्तके काढता येणार नाहीत, असा कौल १९८२ मध्ये मिळाला, तोही अगदी निसटत्या बहुमताने. पिकोजवळ राज्यघटना होती. औरंगाबादच्या मुलाजवळ काय होते? तो नागरिक नव्हता, रयत होता. दाद मागायची तर ज्याने शिक्षा केली त्याच्याच दरबारात. त्यामुळे त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, सही किंवा स्थलांतर.

भारतात घटना आल्यावर चित्र बदलले, आणि ते नेमके उलट्या दिशेच्या प्रकरणात दिसून आले. १९८५ मध्ये केरळातील एका शाळेने यहोवा विटनेस पंथाच्या तीन भावंडांना काढले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निष्कासन रद्द केले. १९३८ चा विद्यार्थी गायला म्हणून बाहेर, १९८५ ची भावंडे गायली नाहीत म्हणून बाहेर. दोन्ही प्रकरणांत शाळेने विचारलेला प्रश्न एकच होता : आम्ही सांगतो तसे करतोस की जातोस? ‘वंदे मातरम्’ला स्वतः राष्ट्रगीताच्या बरोबरीचा सन्मान २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या निवेदनाने मिळाला होता.

पुन्हा आपल्या भागाकडे येतो. १९४७-४८ मध्ये पैनगंगेचा तोच काठ वेगळ्या कामी आला. उमरखेडसारख्या गावांत संस्थानाच्या सरहद्दीवरील कॅम्प उभे राहिले. हातात आता पुस्तकाऐवजी बंदूक होती. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते वापटीचे बहिर्जी शिंदे याच टप्प्यातील हुतात्मा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली.

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे ज्यांचे मूळ गाव, ते नरहर कुरुंदकर १९३८ मध्ये सहा वर्षांचे होते. मोठेपणी हैदराबाद प्रश्नावर त्यांनी जे लिहिले, ते वीररसाला फाटा देऊन लिहिले. स्वातंत्र्यलढ्यातील जातीय ताण लपवायचा नाही आणि त्या ताणामुळे लढ्याचे मोलही नाकारायचे नाही, ही त्यांची रीत. या विषयात शिरू इच्छिणाऱ्या तरुण वाचकाने त्यांच्यापासून सुरुवात करावी. सोबत अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ घ्यावे. लेखक स्वतः त्या लढ्यातले, त्यामुळे तपशील भरपूर आणि रागलोभही भरपूर. दोन्ही जपून वाचावे.

एक विनंती. हिंगोली, परभणी, नांदेड भागातील ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी ट्रंक असेल, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. १९३९-४० च्या सुमाराचा नागपूर विद्यापीठाचा एखादा दाखला, उर्दूतील एखादी नोटीस किंवा माफीनाम्याचा सही न केलेला कागद मिळाला, तर तो लॅमिनेट करू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, तो कोणाचा आणि कुठे सापडला हे लिहून ठेवा, आणि कागद कोरड्या जागी सुती कापडात ठेवा. उर्दू वाचता येत नसेल तर गावातील जुन्या वकिलांना किंवा उर्दू शाळेतील गुरुजींना दाखवा. या साखळीखाली फोटो टाकलात, तर वाचून घेण्याची खटपट मी करेन.